आधी लिंबगाव लागतं

सकाळच्या भाकरी झाल्या की नर्मदाबाई फडताळातली पत्र्याची डबी काढायची आणि लेकीच्या तळहातावर गोळ्या ठेवायची. दैवशाला तेव्हा चुलीपासून चांगली लांब, पोत्यावर बसलेली असे. चुलीजवळ जायची तिला मनाई होती. आडावर जायची मनाई, माळवदावर चढायची मनाई, बैलांपुढून जायची मनाई. तेरा वर्षांच्या पोरीला ज्या कामांचा कंटाळा यावा ती सगळी कामं तिला बंद होती, आणि म्हणूनच की काय, तिला नेमकी त्याच कामांची हौस होती.

"खा बाई, खा," आत्या म्हणायची. कडूबाई ही दैवशालाच्या बापाची, बन्सीधरची थोरली बहीण. नवरा गेल्यावर गंगाखेडचं सासर सोडून ती चुडाव्याला भावाकडे राहायला आली आणि हळूहळू घर तिच्या शब्दावर चालू लागलं. "भाकरीपरीस गोळ्याच जास्त जायलेत पोटात."

"गोड असत्या तर तूच खाल्ल्या असत्यास, आत्या."

कडूबाई खळखळून हसायची. पोरीवर तिचा जीव होता. पुढचं वाचताना हे विसरू नये.

दैवशालाला फिट येत. गाव त्याला फेफरं म्हणे. आधी तिला भुईमुगाच्या शेंगा जळाल्याचा वास येई. तो इतर कुणालाच येत नसे. "माय, वास आला," एवढं म्हणून ती जिथं असेल तिथं खाली बसायची. मग नजर थिजायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं, आणि कधी कधी सगळं अंग ताठ होऊन झटके सुरू व्हायचे. घरात कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणायचं आणि तिच्या नाकाला लावायचं. तिच्या उशाशी त्यासाठी एक जुनी चप्पल कायमची ठेवलेली होती. फिट आपोआप थांबायची तेव्हा थांबायची, आणि नाव चपलेचं व्हायचं.

संध्याकाळी बन्सीधर स्टेशनाजवळच्या हॉटेलातून वाचून झालेला पेपर घेऊन यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. नर्मदाबाईला जेमतेम येई, पण तेव्हा ती चुलीपाशी असे. दैवशाला कंदिलाजवळ बसून त्याला पेपर वाचून दाखवायची, बाजारभावापासून मयताच्या बातम्यांपर्यंत. तिचं वाचन इतकं सरळ आणि वेगाचं होतं की बन्सीधर मधेच म्हणायचा, "हळू गं, मह्या कानाला पाय न्हाईत पळायला." शाळेतून तिचं नाव काढलं तरी हे चालू होतं.

तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू असूनही फिट येत राहिल्या, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना हैदराबादला पाठवलं. चुडाव्याहून गाडीत बसल्यावर दैवशालाने खिडकी सोडली नाही.

"आता कोणतं आलं?" बन्सीधर विचारायचा.

"लिंबगाव, आबा. आता नांदेड येईल."

पुढची सगळी स्टेशनं तिनेच वाचून दाखवली. पुढं पाट्यांवरची मराठीसारखी अक्षरं कमी झाली, तरी एखादी ओळ तिला सापडायचीच.

हैदराबादच्या दवाखान्यात तिच्या डोक्याला बारीक तारा लावल्या आणि मेंदूच्या विजेच्या रेघा कागदावर उमटवल्या. एका मोठ्या यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. तिथले सर्जन औरंगाबादला शिकलेले, त्यांना चांगलं मराठी येत होतं.

"बाळ असताना हिला तापात मोठा झटका आला होता का?" त्यांनी विचारलं.

"वर्षाची व्हती," नर्मदाबाई म्हणाली. "लय येळ चालला व्हता."

"त्याचा एक व्रण कानशिलाच्या आत, मेंदूत राहिला आहे. प्रत्येक फिट तिथूनच सुरू होते. गोळ्यांनी व्हायचं तेवढं झालं. तेवढाच भाग ऑपरेशन करून काढला, तर अशा बऱ्याच मुलांच्या फिट थांबतात. धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पण या फिट अशाच चालू ठेवण्यात धोका जास्त आहे."

नर्मदाबाईने थोडा विचार केला. "कणसाला काणी धरली की तेवढं कणीस खुडून टाकतेत. न्हाईतर शेत काळं व्हतं. तसंच की."

"अगदी तसंच."

"माहे केस काढावे लागतेन का?" दैवशालाने विचारलं. तिचे केस कमरेपर्यंत होते.

"काढावे लागतील."

"परत येतेन?"

"येतील."

"मग काढा."

डॉक्टर हसले. माघातली तारीख दिली. निघताना त्यांनी नर्मदाबाईला पुन्हा थांबवलं. "एक लक्षात ठेवा. गोळ्यांनी फिट पूर्ण थांबत नाहीत, म्हणून गोळ्या बिनकामाच्या आहेत असं समजू नका. ऑपरेशन होईपर्यंत एकही चुकवायची नाही."

बन्सीधर तिथंच उभा होता, पण डोकं उघडणार, यापुढचं त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

घरी आल्यावर ते त्याने बहिणीला सांगितलं.

"डोस्क्याला आरी लावणार?" कडूबाईने कपाळावर हात मारला. "लेकरू हाय का लाकूड? आन् वाचलीच, तर कवटी चिरलेली पोरगी कोण करील? मह्या जावेच्या सुग्रीवसाठी पोरगी बघायलेत. लग्न लाव. लग्न झालं की फेफरं जातंय. वसमतच्या सुलाबाईच्या लेकीचं न्हाई का गेलं?"

"तिचं फेफरं न्हाई गेलं, आक्का," नर्मदाबाई म्हणाली. "ती पोरगीच गेली. सासरी आडात पडून."

"तिचं नशीब. सगळ्यायचं तसंच व्हतंय का?"

लग्न म्हणजे औषध, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे कोण जाणे. मुलीचं वय अठरा हवं, हा कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. कायद्याची अडचण त्या घरात कुणालाच वाटली नाही. बन्सीधरला वाटत होतं ते वेगळंच. ऑपरेशनात मेली तर आपण मारली असं होईल, लग्नानंतर काही झालं तर ते देवाचं. तो म्हणाला, "लग्न लावून बघू. न्हाईच गेलं फेफरं, तर मग ऑपरेशन."

"त्यायला फेफऱ्याचं सांगणार हाव का, आवं?" नर्मदाबाईने विचारलं.

"सांगितल्यावर कोण करतंय?" उत्तर कडूबाईने दिलं.

"आन् दैवाला?"

"तिला सांगितलं तर गावभर व्हईल. तिला म्हणायचं, हैदराबादला जायलाव."

नर्मदाबाई भांडली. ताटावरून उठून गेली. मग कडूबाई तिच्याजवळ येऊन बसली आणि अगदी मायेने म्हणाली, "तुह्या म्हणण्यावर डोस्कं उघडलं आन् लेकरू टेबलावर गेलं, तर जन्मभर तोंड कुणाला दाखवशील?" तिथं नर्मदाबाई गप्प झाली. ती बाई वाईट नव्हती, भित्री होती. आणि आईच्या भीतीची किंमत लेकराला द्यावी लागते.

निघायच्या दिवशी दैवशालाने पिशवी स्वतः भरली. दोन झंपर, परकर, पंचा. फणी तेवढी तिने फडताळात परत ठेवली.

"फणी राहिली की," कडूबाई म्हणाली.

"केस काढणारेत आत्या, फणी काय करू?"

कडूबाईने तोंड फिरवलं.

गाडी निघाली. दैवशाला खिडकीशी होती. पहिलं मोठं स्टेशन आलं आणि ती चमकली.

"आबा, ही तर पूर्णा हाय. हैदराबादला जाताना आधी लिंबगाव लागतं."

"पूर्णेला गाडी बदलायची," बन्सीधर म्हणाला. पूर्णेला खरोखरच सगळे गाड्या बदलतात, म्हणून तिला ते पटलं. परभणी आलं तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"परळीवरूनबी हैदराबादची गाडी हाय. ती रिकामी असती," बन्सीधर म्हणाला. हेही खरंच होतं. त्या रस्त्यानेही हैदराबाद येतं. बन्सीधरला वाचता येत नव्हतं, पण खोट्याला खऱ्याचं अस्तर लावणं त्याला त्या दिवशी जमलं.

दैवशालाने आईकडे पाहिलं. "माय, व्हय?"

नर्मदाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली.

गंगाखेडला कडूबाईसकट चौघं उतरले. आत्याच्या सासरी मुक्काम करून पुढं जायचं, असं तिला सांगितलं. त्या घरच्या दारात मांडवाच्या मेढी रोवलेल्या होत्या. कुणाचं लग्न आहे ते तिने विचारलं नाही. माघात कुणाचं ना कुणाचं असतंच. कडूबाईची जाऊ सरजाबाई मोठ्या तोंडाची, मनमोकळी बाई होती. तिने दैवशालाला पुढ्यात बसवलं, नवी फणी घेतली आणि केसांना तेल लावून वेणी घालायला सुरुवात केली. वेणीत ती शेवंतीची फुलं माळू लागली, तशी दैवशाला आत्याकडे वळली.

"आत्या, काढून टाकायच्या केसायला फुलं कामून?"

"केस कायला काढायचे?" सरजाबाईने विचारलं.

"नवस हाय तुळजापूरचा," कडूबाई झटकन म्हणाली. "त्याचं बोलायलीय."

दैवशालाला तेव्हा कळलं. मांडव कुणाचा, फणी कशाला, पूर्णा आधी का आली, सगळं एकदम. दारात बाप उभा होता. ती त्याच्याजवळ गेली.

"हैदराबादला नेतो म्हणलाव ना, आबा?"

"नेणार की बाई. आधी एवढं होऊ दे."

"मला पाटीबी वाचू दिली तुमी," ती म्हणाली. "मी वाचलेलं खरं व्हतं, तरी मला येडं केलं."

सरजाबाई मागून म्हणत होती, "माहेर सुटायचं म्हणून रडायलीय. पोरगी चांगली हाय."

त्या संध्याकाळी दैवशालाने आईपुढे हात पसरला. "माय, माही गोळी."

"उद्या," नर्मदाबाई म्हणाली. हळद लागणाऱ्या अंगाला दवाई चालत नाही, असं कडूबाईने बजावलं होतं. खरं कारण एवढंच, की पाहुण्यांच्या घरात कुणाच्या नजरेला गोळ्या पडू नयेत. आणि कडूबाईचं गणित सरळ होतं: गोळ्या खाऊनही फिट येतेच, मग दोन-तीन दिवस नाही खाल्ल्या तर काय बिघडलं? गळणाऱ्या बांधामागेही पाणी तुंबलेलं असतं. गळतोच आहे म्हणून बांध फोडला तर काय होतं, हे शेतात जन्म काढलेल्या माणसांना सांगावं लागत नाही. लेकराच्या बाबतीत मात्र तेवढं कडूबाईच्या ध्यानात आलं नाही, आणि डॉक्टरांनी बजावलेलं आठवत असूनही नर्मदाबाई नणंदेपुढे नमली. नर्मदाबाईने डबी फेकली नाही, एवढंच. ती तिने लुगड्याच्या ओच्यात बांधून ठेवली.

हळदीच्या दिवशी अंगणात बायका गाणी म्हणत होत्या. दैवशालाच्या हातापायाला हळद लागली होती. एकाएकी तिने मान वर केली.

"माय, वास आला."

बायकांना वाटलं, तळणाचा वास म्हणते आहे. नर्मदाबाई पुढे धावेपर्यंत ती पाटावरून कोसळली होती. झटके सुरू झाले. थांबल्यासारखे झाले, आणि शुद्ध यायच्या आत पुन्हा सुरू झाले. कुणीतरी चप्पल आणली. कुणी कांदा फोडला. हळदीच्या अंगाला माती लागत होती.

सरजाबाईने गल्लीतल्या डॉक्टरला बोलावून आणलं. तरुण होता. त्याने आधी चप्पल बाजूला भिरकावली, तिला कुशीवर वळवलं.

"हिला आधी कधी फिट आली होती?"

मांडवात सगळे होते. नवरदेव सुग्रीव मुंडावळ्या हातात घेऊन उभा होता.

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "उपास व्हता, ऊन लागलं. चक्कर हाय."

"कसल्या गोळ्या चालू आहेत? अचानक बंद केल्या का? नीट सांगा, त्यावर इलाज ठरतो."

"कसल्या गोळ्या? धडधाकट पोरगी हाय."

डॉक्टर बन्सीधरकडे वळला. "तुम्ही वडील ना? तुम्ही सांगा."

बन्सीधरने मुलीकडे पाहिलं. मग मांडवाकडे, पाहुण्यांकडे, बहिणीकडे पाहिलं.

"पह्यल्यांदाच," तो म्हणाला.

डॉक्टरने मान हलवली आणि तो मेंदूज्वराच्या अंगाने विचार करायला लागला. ताप पाहू लागला, मान वाकवून पाहू लागला. त्याच्या हाताखाली पोरीचे ओठ निळे पडत होते.

"खोटं हाय!"

नर्मदाबाईने ओच्याची गाठ दातांनी तोडली आणि डबी डॉक्टरच्या हातात कोंबली. "वर्षाची असल्यापसून फेफरं हाय तिला. ह्या गोळ्या हायेत. हळदीपायी बंद केल्यात. म्याच बंद केल्यात. हैदराबादला डोक्याचं ऑपरेशन ठरलं व्हतं. तिला ऑपरेशनला नेतो म्हणून इथं आणलं, डाक्टर. लग्न न्हाई व्हणार हे. आमी सगळ्यायनी फसवलंय तिला."

"नर्मदे!" कडूबाई ओरडली.

"तुमी गप बसा, आक्का. आता एक शबुद न्हाई."

डॉक्टरने गोळ्यांची नावं वाचली आणि तिथंच शिरेत इंजेक्शन दिलं. मग जीप मिळवून परभणीच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरला. जीप निघताना सरजाबाई बन्सीधरपुढे उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ती शिव्याशाप देणार. ती एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर म्या न्हाई म्हणलं असतं, पाहुणे. न्हाई म्हणल्यानं कुणी मरत न्हाई."

दैवशाला वाचली. पण ते झटके फार वेळ चालले होते, आणि एवढा वेळ मेंदूला ते सोसत नाहीत. घरी आल्यावर ती हळू बोलू लागली. शब्द शोधायला थांबू लागली. बन्सीधरने एका संध्याकाळी नेहमीसारखा पेपर आणून तिच्यापुढे ठेवला. तिने बोट ठेवलं, ओठ हलवले, आणि पेपर घडी करून परत दिला. त्या दिवशी बन्सीधर गोठ्यात जाऊन रडला. रडण्याने भरून निघेल असं ते नुकसान नव्हतं.

नर्मदाबाईने हैदराबादची नवी तारीख आणवली. कडूबाईला सांगितलं, "घर तुमी सांभाळा. लेकरू मी सांभाळते." बन्सीधरला तिने चला म्हटलं नाही, येऊ नकाही म्हटलं नाही. तो मागून आला.

गाडीत दैवशाला त्याच्याजवळ बसली नाही. तिने यावेळीही फणी घेतली नव्हती, पण पिशवी छातीशी धरून ठेवली होती, जणू कुठंही उतरायला लागेल. चुडावा सुटलं. तिचं कपाळ खिडकीच्या गजांना टेकलेलं होतं. पिवळी पाटी आली. पूर्वी जी पाटी तिने गाडी थांबायच्या आत वाचली होती, तिच्यावर ती आता एकेक अक्षर लावत होती.

"लिं... ब..." ती थांबली. गाडी सुटायची शिट्टी झाली. "गा... व."

मग तिने शेजारच्या अनोळखी म्हातारीला विचारलं, "आजी, हे लिंबगावच हाय ना?"

"लिंबगावच बाई."

तेव्हा ती जराशी मागे टेकली. पण हैदराबादपर्यंत झोपली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उद्या ऑपरेशन." नर्स म्हणाली, "उद्या." नर्मदाबाई म्हणाली, "उद्या, दैवा, खरंच." तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. दारातून बन्सीधर म्हणाला, "पोरी, मी हितंच हाय." ती आईला म्हणाली, "ते काय म्हणायलेत ते डाक्टरला इचारून घे."

मग दवाखान्याचा न्हावी आला. त्याने वेणी मुळाशी कापली. बायकांच्या वॉर्डात दोन-तीन जणी हळहळल्या, एवढे लांब केस. दैवशाला ताठ बसून होती. वस्तरा कपाळापासून मागे सरकला, उघड्या कातडीला वारा लागला. तिने हात वर नेऊन ती गुळगुळीत जागा चाचपली. पुन्हा चाचपली.

"माय," ती म्हणाली, "आता मी झोपते." आणि खरोखरच झोपली. चुडावा सोडल्यापासून पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं. व्रण निघाला. जळक्या शेंगांचा वास तिला त्यानंतर आला नाही. चुलीत खरंच शेंगा पडल्या, तर घरात सगळ्यांना येतो तेवढाच. ती आडावर जाते, माळवदावर चढते. तिच्या उशाची चप्पल कडूबाईनेच एके दिवशी उचलून उकिरड्यावर टाकली. केस वाढले. हैदराबादच्या डॉक्टरांनी वाचनाबद्दल स्पष्ट सांगितलं: थोडं परत येईल, पूर्वीइतकं येईल असं नाही. ते व्रणाने नेलं नाही, ऑपरेशननेही नेलं नाही. हळदीने नेलं.

कुठंही निघायचं म्हटलं की दैवशाला विचारते, "कुठं?" उत्तर मिळालं की तेच ती दुसऱ्या कुणालातरी विचारते. याला आता घरात कुणी हसत नाही.

आपल्या ओळखीच्या किती घरांत उशाशी अशी चप्पल आहे, हे आपल्याला ठाऊक असतं, आणि आपण ते बोलत नाही. एखाद्या मांडवात, चार पाहुण्यांदेखत डॉक्टरने विचारलं, तर आपण काय सांगू, हे प्रत्येकाने आजच ठरवून ठेवावं. त्या वेळी ठरवायला वेळ मिळत नाही.

संध्याकाळी बन्सीधर अजून पेपर आणतो. तो तिच्याकडे देत नाही, कंदिलाजवळ नुसता ठेवतो. कधी ती बघत नाही. कधी उचलते, एखादी ओळ वाचते, आणि एखाद्या जोडाक्षरापाशी अडते. बन्सीधरला अक्षर येत नाही, तो मदत करू शकत नाही. ती बोट तिथंच ठेवते, आणि मान वळवून आईला विचारते.